ऑफिसला जाता-येता होणारं चालणं व्यायामात धरायचं की नाही?

पाऊलखूण
समजा घरापासून बसथांबा ७०० मीटरवर आहे आणि उतरल्यावर ऑफिस ९०० मीटरवर. एका वेळचं १.६ किलोमीटर, जाऊन-येऊन ३.२. आठवड्यातले पाच दिवस हे होतंच. तरीही व्यायामाचा विषय निघाला की हे चालणं कुणी हिशेबात धरत नाही. 'ते काय, कामाला जाणं झालं, व्यायाम वेगळा' असं म्हणून मोकळे होतात.

माझं मत उलट आहे. वेगळा वेळ काढून करायचा व्यायाम पाहुणे आले की बुडतो, झोप लागली की बुडतो. ऑफिसची वाट मात्र चुकत नाही. म्हणून हे चालणं नीट केलं तर सगळ्यात टिकाऊ व्यायाम तोच, असं मला वाटतं. जाणकारांनी पुढच्या प्रश्नांवर लिहावं:

१. असं तुकड्यातुकड्यांत चाललेलं मोजलं जातं का?
२. वेग किती हवा आणि तो ओळखायचा कसा?
३. बूट, पाठीवरची बॅग आणि घाम यांचं काय करायचं?
४. वाहनांच्या धुरातून चालून फायद्यापेक्षा तोटाच होत नाही ना?

रानवारा
धरायचं. बिनधास्त धरायचं. बाकी मंडळी सविस्तर लिहितीलच.

अर्धविराम
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांसाठी अशी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रमाची. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. त्याआधीच्या २०१० सालच्या शिफारशीत हालचाल सलग किमान १० मिनिटं असावी, अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे ७०० मीटरचा तुकडाही मोजायचा आणि ९०० मीटरचाही.

आता खरी मेख. 'मध्यम श्रम' हा शब्द सोडून चालणार नाही. ताशी साडेचार किलोमीटरच्या वेगाने ३.२ किलोमीटरला सुमारे ४३ मिनिटं लागतात. पाच दिवसांची २१५ मिनिटं झाली, म्हणजे शिफारशीच्या पट्ट्यात तुम्ही आरामात बसता. तेच अंतर ताशी तीन किलोमीटरने रमतगमत चाललं तर ६४ मिनिटं लागतात. मिनिटं वाढली, पण बहुतेक निरोगी प्रौढांसाठी तो मध्यम श्रम होत नाही. बसून राहण्यापेक्षा तेही चांगलं, पण १५० च्या खात्यात ते जमा होत नाही.

पिंगळा
अर्धविराम, साडेचारचा वेग ओळखायचा कसा? रस्त्यावर कुणी स्पीडोमीटर लावून चालत नाही. :)

अर्धविराम
@पिंगळा, पावलं मोजायची. मिनिटाला १०० पावलं ही मध्यम श्रमाची ढोबळ खूण आहे, आणि १३० च्या आसपास जोरकस श्रम सुरू होतात. मिनिटभर मोजत बसू नका. घड्याळात १५ सेकंद बघा, २५ पावलं पडली तर वेग बरोबर आहे. २० पडली तर अजून पाय ओढणं चालू आहे.

दुसरी खूण बोलण्याची. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेल्यास दम लागावा. गाणं सुरात म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जोरकस श्रम चाललेत.

१०० हा आकडा सरासरी आहे. उंच माणसाचं पाऊल लांब पडतं, त्याला थोडी कमी पावलंही पुरतात. वय जास्त असेल किंवा बऱ्याच दिवसांत हालचाल नसेल तर ९० पावलांतच दम लागू शकतो. तिथे बोलण्याची खूण खरी मानायची.

मृद्गंध
वेग वाढवायला सांगितलं की बहुतेक लोक पाऊल लांब टाकायला लागतात, आणि गडबड तिथेच होते. पाय शरीराच्या फार पुढे पडला की टाच ब्रेकसारखी जमिनीला आदळते. वेग मिळत नाहीच, वर नडगी आणि गुडघ्यावर ताण येतो.

वेग मागच्या पायातून येतो. पाऊल शरीराच्या जवळच ठेवायचं आणि मागच्या पायाच्या चवड्याने, शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलायची. कोपर साधारण काटकोनात वाकवून हात पुढे-मागे हलवायचे, छातीसमोर आडवे नकोत. हात भरभर हलले की पायांची गती आपोआप वाढते, करून बघा. नजर पाच-सहा मीटर पुढे. सतत पायाकडे बघत चाललं की मान आणि खांद्यांच्या मधला भाग अवघडतो.

शून्यप्रहर
थोडा विरोधी सूर लावतो. ऑफिसला चालत जाण्याचे फायदे फुगवून सांगितले जातात.

२०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या २ लाख ६३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आला होता. कामावर कसे जाता, हेच विचारलं होतं. सायकलने जाणाऱ्यांत हृदयविकार, कर्करोग आणि एकूण मृत्यू, तिन्ही कमी दिसले. चालत जाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार कमी दिसले, पण कर्करोग आणि एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे चालणं चांगलं आहे, पण तेवढ्यावर सगळं भागत नाही.

वळणवाट
@शून्यप्रहर, अभ्यास बरोबर सांगितलात, पण त्यातून 'चालणं कुचकामी' असं निघत नाही. सायकल चालवणारा त्याच वेळात जास्त श्रम करतो आणि सहसा जास्त अंतर कापतो. चालणाऱ्याचा डोस लहान होता. त्यामुळे अंतर आणि वेग वाढवणे हाच त्यावरचा उपाय ठरतो, म्हणजे अर्धविराम सांगताहेत तेच. शिवाय हृदयविकार कमी होणं ही काही किरकोळ गोष्ट नाही.

या विषयाची सुरुवातच मुळी प्रवासाच्या साधनातून झाली आहे. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. चालक दिवसभर बसून, तर वाहक पाळीभर जिने चढत-उतरत. वाहकांच्या रोजच्या पायऱ्या साधारण ५०० ते ७५० भरत. वाहकांत हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. पुढे टपाल खात्यातही तसंच दिसलं. पायी किंवा सायकलने पत्रं वाटणारे एकीकडे, टेबलावर बसणारे कारकून दुसरीकडे.

शून्यप्रहर
मॉरिस यांचं काम मोठंच आहे. पण त्यातली पुढची गोष्टही सांगायला हवी. १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर चालकांच्या पँटचा कंबरेचा घेर सुरुवातीपासूनच जास्त निघाला. म्हणजे आधीच स्थूल असलेली माणसं चालकाच्या कामाकडे वळली असण्याची शक्यता होती. स्वतःच्या निष्कर्षाला स्वतःच असा धक्का देऊन बघणारा संशोधक विरळा. म्हणूनच म्हणतो, चालणारे मुळातच निरोगी असू शकतात, ही शंका प्रत्येक अभ्यासात जागी ठेवावी लागते.

वळणवाट
हे पूर्ण मान्य. आणि नंतर मापांचा फरक लक्षात घेऊनही वाहकांची बाजू सरसच राहिली, हेही जोडून टाकतो.

उंटावरचा_शहाणा
कंबरेच्या मापावरून संशोधन! शिंप्याची वही म्हणजे वैद्यकाचा खजिनाच की. :D

तिन्हीसांजा
रोज १०,००० पावलं हवीतच ना? पाऊलखूण यांच्या ३.२ किलोमीटरमध्ये किती होतील?

अर्धविराम
@तिन्हीसांजा, पाऊल साधारण उंचीच्या ४१ टक्के लांबीचं पडतं. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचं सुमारे ६८ सेंटीमीटर, झपझप चालताना थोडं जास्त. किलोमीटरला १३५० ते १४५० पावलं धरा. ३.२ किलोमीटरची साडेचार हजारांच्या आसपास होतात. घरातली आणि ऑफिसातली किरकोळ पावलं दोन-अडीच हजार धरली तर दिवसाची सात हजारांकडे जातात.

१०,००० हा आकडा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र विक्रीला आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा लक्षात राहण्यासारखा होता, म्हणून रुजला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज २७०० पावलं चालणाऱ्या गटाच्या तुलनेत ४४०० वाल्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि सुमारे ७५०० नंतर फायदा वाढायचा थांबला होता. तरुणांना तोच आकडा जसाच्या तसा लावू नये. पण शून्याकडून चार-पाच हजारांकडे जाण्यात मोठा फायदा असतो, आठ हजारांवरून दहाकडे जाण्यात लहान.

आणि फोनवर डोळे मिटून विश्वास नको. हळू चालताना आणि फोन बॅगेत असताना पावलं सुटतात. एकदा मनात २०० पावलं मोजा आणि फोन किती दाखवतो ते बघा. फरक १० पेक्षा जास्त आला तर फोन खिशात ठेवून पुन्हा तपासा.

सावळी_सर
बुटांबद्दल लिहिते. इथे चूक झाली तर तीन आठवड्यांत सगळं बंद पडतं, आणि दोष मात्र चालण्याला जातो.

ऑफिसचे कातडी बूट चालायला बनवलेले नसतात. तळ कडक, टाच उंच आणि पुढचा भाग निमुळता. ३.२ किलोमीटर रोज त्यांत चाललं की बोटं चेपतात आणि चवड्याखाली आग होते. सरळ उपाय असा की ऑफिसचे बूट ऑफिसातच खणात ठेवायचे आणि येता-जाता चालायचे बूट घालायचे.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. रोजचे मोजे घालूनच माप बघायचं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणजे एक ते सव्वा सेंटीमीटर जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, पुष्कळांचं दुसरं असतं. दोन पायांच्या मापात फरक असेल तर मोठ्या पायाचं माप घ्यायचं.

मग तीन चाचण्या. बूट टोकाकडून दाबला तर चवड्याच्या जागी वाकायला हवा, मध्ये वाकला तर घेऊ नका. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर सहज आत जाता कामा नये. आणि ओला टॉवेल पिळतात तसा बूट पिळून बघा, संपूर्ण पिळला जात असेल तर आधार कमी आहे.

चालताना टाच वर-खाली घसरत असेल तर बूट बदलण्याआधी लेस बदलून बघा. सगळ्यात वरच्या दोन भोकांमधून त्याच बाजूला छोटा फासा करायचा, समोरची लेस त्यातून ओवायची आणि मग गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि पुढे बोटंही आपटत नाहीत.

आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. आठवड्याला १६ किलोमीटर म्हणजे सात महिने ते वर्षभर. वरून बूट नवा दिसतो, पण तळाचा फोम आधीच बसलेला असतो. टेबलावर ठेवून मागून बघा, बूट एका बाजूला कलला असेल तर त्याचं काम संपलं. टाचेच्या बाहेरच्या कडेला थोडी झीज सर्वांचीच होते, तिची चिंता नको.

मृद्गंध
सावळी_सर, उत्तम. मोज्यांचं जोडते. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो. ओली त्वचा मऊ पडते, मोजा तिच्यावर घासतो आणि फोड येतो. कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरमिश्रित मोजा घाम बाहेर सोडतो. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते, त्याच वेळी थांबून तिथे चिकटपट्टी लावली तर फोड टळतो. लहान, न दुखणारा फोड फोडू नका. वरची कातडी हीच त्याची सगळ्यात चांगली पट्टी.

कापूसकोंडा
आणि बॅग? लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली, छत्री... पाठ मोडते.

मृद्गंध
@कापूसकोंडा, शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायची. ६० किलोच्या व्यक्तीला ६ किलो. लॅपटॉप दोन किलो, लिटरभर पाणी एक किलो, चार्जर अर्धा किलो, बॅग रिकामी एक किलो, एवढ्यातच साडेचार होतात. एक चार्जर ऑफिसातच ठेवला आणि बाटली तिथे पोचून भरली तर दीड किलो लगेच उतरतं.

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीत. लॅपटॉप बाहेरच्या कप्प्यात ठेवला की बॅग मागे ओढते, माणूस तोल सांभाळायला पुढे वाकतो आणि मानेला कळ लागते. दोन्ही पट्टे घट्ट हवेत, बॅग पार्श्वभागावर आपटत असेल तर पट्टे सैल आहेत. एका खांद्यावरची बॅग असेल तर पट्टा आडवा घालून जाताना एक खांदा, येताना दुसरा.

निळी_रेघ
दोन-तीन आठवडे जोरात चाललं की नडगी दुखायला लागते, हे फार जणांचं होतं. तेव्हा चालणं थांबवायचं का?

मृद्गंध
@निळी_रेघ, दुखणं कुठे आणि कसं आहे, त्यावर ठरतं.

नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या मांसल भागात भरून आल्यासारखं दुखतं आणि वेग कमी केला की थांबतं, तेव्हा तो स्नायू फक्त दमलेला असतो. पाऊल वर उचलायचं काम तो करतो. पाऊल लांब टाकलं आणि टाच जोरात आपटली की तो लवकर दमतो. वेग आठवडाभर थोडा कमी करा, पाऊल आखूड करा.

नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दाबल्यावर दुखत असेल, तर तो हाडाच्या आवरणावरचा ताण असू शकतो. तिथे अंतर निम्मं करा, बूट तपासा, दोन-तीन आठवडे द्या.

बोटाच्या टोकाएवढ्या एकाच ठिकाणी कळ येत असेल, पाय टेकवला की वाढत असेल किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि तो सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही.

टाचेचं वेगळं. सकाळी उठल्यावरची पहिली काही पावलं टाचेखाली सुई टोचल्यासारखी दुखतात आणि मग कमी होतं, हे तळव्याच्या पडद्याचं दुखणं. भिंतीला हात टेकवून पोटरी ताणा, आधी गुडघा सरळ, मग थोडा वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद, तीन वेळा. तळव्याखाली चेंडू फिरवला की आराम मिळतो.

सगळ्यावर एकच औषध म्हणजे हळूहळू वाढवणं. आधी अजिबात चालत नसाल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण ३.२ नको. दोन आठवडे फक्त येताना चाला, मग दोन्ही वेळा, मग वेग. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. हृदय आणि श्वास लवकर सरावतात, हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात. 'आता दम लागत नाही' म्हणून माणूस जोर करतो आणि नेमकी तेव्हाच इजा होते.

तिन्हीसांजा
गुडघ्याची झीज असलेल्यांनी काय करायचं? चालून गुडघे झिजतात असं सगळीकडे ऐकू येतं.

मृद्गंध
कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातलं वंगण तिच्यात आत-बाहेर होतं, त्यातूनच तिचं पोषण चालतं. त्यामुळे झीज असली तरी माफक चालणं उपयोगाचंच. चालताना दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं तर तेवढं अंतर झेपतंय. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करा.

रानवारा
घामाचा प्रश्न राहिला. दहा-बारा मिनिटं झपझप चालून थेट मीटिंगमध्ये बसणं अवघडच.

सावळी_सर
घाम चालताना कमी आणि थांबल्यावर जास्त जाणवतो. चालताना अंगावरून वारा जातो, थांबलं की तो बंद होतो आणि आतली उष्णता मात्र पुढची दहा-पंधरा मिनिटं बाहेर पडत राहते. म्हणून शेवटची चार-पाच मिनिटं वेग उतरवायचा. पाठीवरची बॅग शेवटच्या टप्प्यात हातात घ्यायची, कारण पाठीचा घाम तिच्याखालीच साचतो. थंडीत निघताना किंचित गार वाटेल एवढेच कपडे घालायचे. सुरुवातीलाच ऊबदार वाटलं तर पाचव्या मिनिटाला घाम फुटणारच. पोचल्यावर आधी पाणी, तोंड आणि मनगटं धुणं, मग सदरा बदलणं. लगेच बदलला तर दुसराही भिजतो.

शून्यप्रहर
चौथ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. धूर!

लंडनमध्येच झालेला एक अभ्यास आहे, लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या लोकांना दोन तास चालायला लावलं, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथे डिझेल बस आणि टॅक्सींची वर्दळ असते. बागेत चालल्यावर फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. वर्दळीच्या रस्त्यावर तो फायदा बराचसा पुसला गेला. चाललात कुठे, याला महत्त्व आहे.

वळणवाट
म्हणून चालूच नये, असं मात्र नाही. २०१६ मध्ये केलेल्या एका गणितानुसार पीएम २.५ चं (हवेतल्या अतिबारीक कणांचं) प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलं, तरी चालण्याचा तोटा फायद्यापेक्षा मोठा व्हायला दिवसाला दहा तासांहून जास्त चालावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी १५ आहे, त्यावरून १०० म्हणजे किती ते लक्षात येईल. पण हे गणित एकूण लोकसंख्येचं आहे. दमा, फुप्फुसांचा जुना आजार किंवा हृदयविकार असलेल्यांनी ते स्वतःला लावू नये.

करता येण्यासारखं: मुख्य रस्त्याला समांतर गल्ली असेल तर दोनशे मीटरचा वळसा घ्या, धूर अंतराने झपाट्याने विरळ होतो. पदपथावर रस्त्याच्या कडेपेक्षा भिंतीच्या बाजूने चाला. सिग्नलला गाड्यांच्या नळकांड्यांपासून दोन-तीन मीटर मागे थांबा, कारण गाडी जागेवरून निघताना जास्त धूर सोडते. साध्या कापडी मास्कने बारीक कण फारसे अडत नाहीत. एन ९५ ने अडतात, तोही गालाला घट्ट बसला तरच. वायू मात्र त्यानेही अडत नाहीत.

निळी_रेघ
सकाळी चाललं की 'ड' जीवनसत्त्वही मिळतं, हा फायदा कुणी लिहिला नाही.

अर्धविराम
@निळी_रेघ, तो जरा जपून धरावा लागेल. त्वचेत 'ड' तयार करणारे किरण सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. ढोबळ खूण अशी की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर 'ड' फारसं तयार होत नाही, आणि ऑफिसच्या वेळेला सावली लांबच असते. सकाळच्या उजेडाचा फायदा वेगळा आहे. ऑफिसात ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार. त्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते.

पिंगळा
मधुमेहींसाठी काही विशेष?

सावळी_सर
@पिंगळा, त्यांना तर दुहेरी लाभ. स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढतात, म्हणून जेवल्यानंतरचं चालणं जास्त कामाचं. २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर तुलना झाली: दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं, की प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. सकाळी खाऊन लगेच निघणाऱ्याचं पहिलं चालणं आपोआप योग्य वेळी पडतं.

काळजी दोन ठिकाणी. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून ते घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. दुसरं म्हणजे पायाची संवेदना. ती कमी असेल तर बुटातला खडा जाणवत नाही. घालण्याआधी बुटात हात फिरवायचा आणि रात्री तळवे बघायचे. तळव्यावर जखम असेल तर ती भरेपर्यंत चालणं बंद.

मृद्गंध
सगळ्यांसाठीच एक. चालताना छातीत दाटून येणं, जबडा किंवा हात भरून येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं, याला 'गॅस' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थांबूनही काही मिनिटांत कमी होत नसेल तर थेट रुग्णवाहिका. तसंच दर वेळी ठरावीक अंतरावर पोटरीत पेटका येणं आणि दोन-तीन मिनिटं थांबलं की जाणं, हे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं.

कापूसकोंडा
जिन्यांबद्दल? स्थानकावर सरकता जिना आणि साधा जिना शेजारी-शेजारी असतात.

वळणवाट
चढताना साधा जिना. भरभर चढणं हे जोरकस श्रमात जमा होतं, सपाट चालण्याच्या जवळपास दुप्पट. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणलेल्या स्थितीत ब्रेक लावतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना पायऱ्या, उतरताना सरकता जिना घ्यावा.

शून्यप्रहर
एवढं सगळं असूनही ताकदीचं काय? चालण्याने हात, खांदे, पाठ यांना काहीच मिळत नाही. हाडांवरही शरीराच्या वजनाच्या एक-सव्वापटच भार पडतो, हाडं मजबूत व्हायला तो थोडा आहे. दोन दिवस ताकदीचे व्यायाम हे काही ऐच्छिक कलम नाही.

अर्धविराम
इथे शून्यप्रहर यांच्याशी शंभर टक्के सहमत. पाऊलखूण, 'चालणं धरायचं का' याचं उत्तर 'हो'. 'बाकी सगळं सोडायचं का' याचं 'नाही'.

पाऊलखूण
सर्वांचे मनापासून आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बूट वेगळे, चार्जर ऑफिसात, १५ सेकंदांत २५ पावलं, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, एवढं पक्कं केलं. एक शंका उरते. एक थांबा आधी उतरून अंतर वाढवायचं असेल तर जाताना की येताना?

वळणवाट
येताना. जाताना उशीर होण्याची धास्ती असते. दोनदा उशीर झाला की माणूस आधी उतरणं सोडून देतो. येताना तो प्रश्न नसतो, अंगावर घाम आला तरी चालतो, आणि कामाचं डोक्यातलं ओझं घरी पोचेपर्यंत हलकं होतं. थांबा निवडताना आधी एकदा सुट्टीच्या दिवशी तो रस्ता चालून बघा: पदपथ सलग आहे का, दिवे आहेत का, मोठा चौक किती ठिकाणी ओलांडावा लागतो. पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला. अंधारात चकाकती पट्टी छातीपेक्षा घोट्याला बांधा. हलणारा पाय चालकाला माणूस म्हणून लवकर ओळखू येतो. कानात काही लावायचं असेल तर एकाच कानात, आणि रस्ता ओलांडताना तेही नको.

तिन्हीसांजा
पावसात बूट भिजले तर दुसऱ्या दिवशी काय करायचं? याच कारणाने चालणं सुटतं.

सावळी_सर
आल्या आल्या लेस सैल करा, आतला तळवा काढून वेगळा वाळत घाला आणि बुटात वर्तमानपत्राचा कागद बोटांपर्यंत भरा. तासाभराने ओला कागद काढून कोरडा भरा, झोपण्याआधी पुन्हा एकदा. मग बूट पंख्याखाली आडवा ठेवा, तोंड वाऱ्याकडे. हीटरजवळ किंवा कडक उन्हात नको, तळाचा गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. एवढं करूनही सकाळी आत हात घातल्यावर गार लागला तर तो ओलाच आहे. त्या दिवसासाठी जुना जोड दाराशी तयार ठेवा.